शून्य किलोची पेटी

क्लाक्सविकच्या मासळी-लिलावघरात
मला पहाटे पाचला बोलावलं,
कारण त्या आठवड्यात तीनशे बारा पेट्या
शून्य किलोच्या निघाल्या.

प्रोग्रॅम माझाच.
तोर्शहावनच्या उबदार खोलीत लिहिलेला,
जिथे बोटं कोरडी असतात
आणि माउस हाताशी असतो.

इथे सोल्रुन. कोपरापर्यंत रबरी मोजे.
माउस तिनं फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगलेला.
"त्याला मीठ चढलंय," म्हणाली. "सगळ्यांनाच चढतं इथे."

मी मागे उभा राहून नुसता बघत होतो.
स्कॅनर तिनं पेटीवरच्या पट्ट्यांवर धरला.
टिक्.
नंबर उमटला, आणि त्याच्या शेपटीला
कुणी न सांगता एक एंटर.
ती त्या यंत्राची सवयच; मला ठाऊक होती,
लिहिताना आठवली नाही.
आणि माझ्या फॉर्मवर जाड काठाचं 'जतन करा'
गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलंच:
वजनाची चौकट कोरी,
तरी झालं! पुढची आणा!

तिचे एकेचाळीस पूर्णांक सहा
पुढच्या पेटीच्या नंबरात जाऊन पडले.
मशीन कोकललं.

"उतावळं आहे तुझं बटण," ती म्हणाली,
"आमच्या योग्वनसारखं.
मी 'मला जरा' म्हणायचं,
की हा बूट घालून दाराबाहेर."

पालथ्या पेटीवर बसून
मी एंटरच्या वाटेवर चार ओळींचा पहारा बसवला.
नंबरात असशील तर गिळून टाक,
वजनाकडे चालता हो.
वजनात असशील तर बटणापाशी जाऊन थांब,
दाबू नकोस.
दाबायचं ते स्पेसबारनं,
मोज्यातल्या अंगठ्यालाही सापडेल असं लांबरुंद.
एस्केपचं काय, विचारलं.
"त्यावर माझं कोपर टेकतं," म्हणाली.
म्हणजे तोही काढला.

मग तिची पेन्सिलीची वही.
तीनशे बारा वजनं, ओलसर,
काही आकड्यांवर खवलं चिकटलेली;
सात होतं की एक, नखानं खरवडून बघावं लागे.
एकेक भरत गेलो. एंटर दाबायचो
आणि काहीच व्हायचं नाही,
फक्त कर्सर एक घर सरकायचा.
इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बाहेर उजाडत होतं, म्हणजे करडं होत होतं.
"कॉफी घेणार," सोल्रुननं सुरुवात केली,
"हो," मी म्हणालो,
"की आधी हात धुणार?"