टपावरचं दार

पर्मेतहून सकाळी सातला निघालो:
मी, आई, अक्रोडाच्या मुरंब्याच्या चार बरण्या
आणि गाडीच्या टपावर उताणं बांधलेलं
आमच्या विकलेल्या घराचं दार.
घर घेणारा म्हणाला होता, न्या खुशाल,
मी ॲल्युमिनियमचं लावणार आहे.
आईने मान हलवली, आडवी.
आमच्याकडे आडवी मान म्हणजे हो.

गाडी मर्सिडीज, माझ्याहून दोन वर्षांनी लहान,
जर्मनीत म्हातारी झाली, मग इकडे आली नांदायला.
डाव्या हाताला व्योसा, निळीच्या पाण्यासारखी,
दगडांशी भांडत.
देश एवढासा, की आईचं एक गाऱ्हाणं
पुरं होईतो अर्धा सरतो.

तेपेलेनाच्या पुढे पहिला पोलीस.
"हे काय?"
"दार."
"कुठे चाललंय?"
"श्कोदरला. भावाकडे."
त्याने गाडीला एक चक्कर मारली.
लायसन्स माझं मागावं की दाराचं, त्याला ठरेना.
"आणि चौकट?"
"भिंतीतच राहिली, साहेब."
त्याने टोपी मागे सारली. जा म्हणाला.

फिएरच्या पुढे सपाटी. रस्त्याकडेला अर्धी घरं,
वरच्या मजल्याच्या सळया आभाळात उभ्या
मुलगे इटलीहून परत येतील या बोलीवर.
दृष्ट लागू नये म्हणून सळईला टांगलेलं कापसाचं अस्वल,
एक कान उडालेला, ऊन खाऊन पांढरं पडलेलं.
शेतात बंकर, उपड्या घातलेल्या काँक्रीटच्या वाट्या,
एकात कोंबड्या, एकात कांदे.
आई म्हणते, बाहेरून कुणीच आलं नाही.
एवढंच म्हणते. मग झोपते.

आणि लावाझ. दर वळणावर लावाझ.
ज्याला दुसरं काही सुचलं नाही
त्याने गाड्या धुवायला काढल्या;
रस्त्याकडे तोंड करून उडणारा पाइप हीच पाटी.
लेझेच्या अलीकडे थांबलो एकात.
पोरगा असेल अठराचा, एर्मल नावाचा, पायात रबरी बूट.
त्याने गाडी फेसाळली, दारही फेसाळलं,
मग स्टुलावर चढून, गंमत म्हणून,
पितळी कडी धरून तीनदा आपटली.

मागच्या सीटवरून, डोळे न उघडता,
आई म्हणाली, "ते घरी नाहीत."

आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच,
पण सव्वीस वर्षांच्या बाईचा,
जिच्या घरात तेव्हा पलंगाखाली रेडिओ होता
आणि पिठाच्या कोठीमागे माणूस.
मी त्या रात्री चार वर्षांची.
मला आठवतं म्हणून मी जे सांगते
ते बहुतेक ऐकलेलं असावं.
बाबा तीन वर्षांनी आले ते याच दारातून,
वाकून. दार पूर्वीएवढंच उंच होतं.

एर्मल तसाच उभा, पाइपचं पाणी त्याच्याच बुटात.
त्याला काय माहीत.
पैसे घेतले फक्त गाडीचे.
"दाराचे नकोत," म्हणाला,
आणि खिडकीतून आईच्या मांडीवर एक डाळिंब ठेवलं.

श्कोदरला अंधार.
पेत्रितच्या घराला खांब आहेत, छत आहे,
भिंती पुढच्या उन्हाळ्यात.
आम्ही दार उतरवलं, दोन खांबांच्या मधे
विटांचा टेकू देऊन उभं केलं,
आणि बरण्या घेऊन बाजूनेच आत गेलो.
आई आली नाही.
दारासमोर उभी, डोक्याचा रुमाल नीट करत,
डाळिंब अजून हातात.

"अगं ये ना," पेत्रित ओरडला,
"सगळं उघडंच तर आहे!"
तिने मान हलवली. उभी.
मग कडी वाजवली. एकदाच, हलकी,
शेजारणीकडे विरजण मागायला आल्यासारखी.

चौकट नाही, बिजागरी नाही, उघडणार कसं?
पेत्रितने माझ्याकडे पाहिलं.
मी बरण्या खाली ठेवल्या.
आम्ही विटा सारल्या, एकेका टोकाला धरून दार उचललं,
अजून ओलं होतं,
आणि जरा तिरकं केलं,
एक बाई आत येईल इतकं.