बिट्रोथल, शंभर प्रती

बाबल तांडेल कागद घेऊन आला
तेव्हा मी लाइट जायच्या आत
एका दशावताराचं हँडबिल उरकत होते.
कागदावर जावयाच्या हातचं इंग्रजी.
जावई व्हायचाय अजून,
पण बोटीवर थर्ड इंजिनियर, म्हणजे आत्ताच जावई.

"एंगेजमेंट नको म्हणता तो. ह्यो घाल.
पण माका सांग, ह्यो काय?"

एंगेज्ड तर फोन असतो,
आगगाडीतल्या संडासाची कडी असते.
पोराचं मला पटलं.

टाइप करताना एक अक्षर चुकले
तर मशीन म्हणालं, तुम्हाला दगा म्हणायचाय का?
वाचनालयातून आणलेला,
सात वर्षं परत न केलेला कोश उघडला.
दग्याच्या खाली दोन बोटांवरच होता हा,
एकाच कुडाला पाठ लावून राहणारे दोघे,
बोलणं बंद असलेले.

अर्थ : वाङ्निश्चय.
वेंगुर्ल्यात हा शब्द भटजींच्या यादीतच भेटतो,
हळकुंडं आणि सुपाऱ्या यांच्या मध्ये.
आणि पोटात, जुन्या स्पेलिंगमध्ये, ट्रॉथ :
खरेपणा. इमान.
साखर कुठेच नाही. पुडाही नाही.

बाबलनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्यात नेलं.
"म्हणजे इसार."
पैसे नाहीत यात, मी म्हटलं.
"तां कळला. गेल्या पावसात
नेपाळच्या पोराक धा हजार दिलंय,
पावती नाय, काय नाय.
होडी लोटूच्या टायमाक इलो तो.
एक दिवस उशिरान. पण इलो."

बाहेर स्कूटरवर सुलक्षा, कानात वायर.
प्रूफ बघायला आत आली,
वडलांच्या अंगाला सुकटीचा वास म्हणून
जरा लांब उभी राहिली.
मग हळूच वाचला तिनं तो,
'थ'ला जीभ दातांत धरून,
कैरी किती आंबट ते बघावं तशी.
पुन्हा एकदा.
मग म्हणाली, "फॉन्ट बदला."

बदलला. फुलाफुलांचा घातला,
त्यात इमान नीटसं वाचता येत नाही,
पण कार्ड तिचं.

पाचशे ॲडव्हान्स ठेवले बाबलनं टेबलावर.
पावतीपुस्तक ओढलं तर हात आडवा केला,
"तुझ्याकडसून पावती कसली गो?"

मी फाडली तरी.
तारीख घातली, सही केली,
कार्बन नीट उमटलाय का बघितलं.
माझा साखरपुडा याच गावात झाला होता,
बाबल जेवायला होता.
त्यानं पावती घडी करून
टोपीत ठेवली
आणि काही बोलला नाही.