सांधा

ही पत्रं गुरुवारी रात्री येतात.
शुक्रवारी, शनिवारी बँक बंद,
हे त्यांनाही ठाऊक.
पगार जमा होऊन चार तास झालेले,
सोहारच्या कॅम्पात वॉशिंग मशीनपुढे बादल्यांची रांग,
आणि मुनाफ वांगडे वरच्या बंकवरून
पाय खाली सोडून म्हणतो,
“तांडेल, माझं खातं गोठवतायत.”

बाहेर रात्रीचे अडतीस डिग्री,
आणि खातं गोठतंय.
दुसरं कुणी असतं तर हसलो असतो.
पण त्याचा अंगठा
निळ्या ओळीच्या वर थांबलेला,
आणि त्या ओळीपलीकडे
दापोलीतली कमरेएवढी उठलेली भिंत,
मुलीच्या नर्सिंगचा दुसरा हप्ता.

“दे इकडे,” म्हटलं.

माझं काम सांधे बघण्याचं.
वेल्डर जोडून पुढे जातात,
मागून मी, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन.
लाल रंग फासायचा, पुसायचा,
वर पांढरी फवारणी,
आणि थांबायचं.
चीर असेल तिथं ती आपणहून
लाल होऊन वर येते.
घाई केली की काही दिसत नाही.
हे पत्र तर घाईचंच बनलेलं:
चोवीस तासांत. ताबडतोब. शेवटची सूचना.

लोगो चांगला. खऱ्याहून ठळक.
मरसा बँकेचं गलबत, शिडासकट.
सहीखाली हुद्दा, हुद्द्याखाली कितवा मजला तेसुद्धा.
मग पाठवणाऱ्याचा पत्ता दोन बोटांनी मोठा केला,
अजून मोठा,
एकच अक्षर पडद्यावर मावेल इतका,
आणि म्हटलं, “मुनाफ, हा एम बघ.”

एम नव्हताच तो.
आर आणि एन, एका सीटवर दोघांनी बसावं
तसे खेटून,
मधे केसाएवढी फट.
मुनाफ अठरा वर्षं वेल्डिंग करतोय.
फोन डोळ्यांजवळ नेला, दूर धरला,
आणि चिडला, पण चोरीवर नाही.
“असला सांधा मी मारला असता
तर तू कापून परत करायला लावला असतास.”

तरी पुरतं पटेना.
“पण कळकळीनं लिहिलंय रे.
प्रिय ग्राहक म्हणतात.”

तेव्हा सांगितलं त्याला,
काउंटरवरची ती बदरिया
सात वर्षं मला हाक मारते, मिस्टर काशिनाथ.
पासपोर्टावरचं वडलांचं नाव, तेच उचलते.
वडील रेवदंड्याच्या खाडीत जाळं टाकायचे.
बँकेची पायरी कधी चढले नाहीत,
पैसे तांदळाच्या डब्यात.
त्यांना जाऊनही नऊ वर्षं झाली.
आणि इथे सोहारच्या एसीत
महिन्यातून एकदा त्यांचा पुकारा होतो,
मी उठतो, येस म्हणतो.
खरी बँक माझं नाव चुकवते, मुनाफ.
ही तर घेतच नाही.

त्यानं पत्र पुसलं.
मग पुसलेल्यांच्या पेटीत जाऊन
तिथूनही पुसलं.
मग विचारलं,
“तुला बरं माहीत, नेमकं कुठं बघायचं ते?”

सवय, म्हटलं.

तीन वर्षांपूर्वी, असाच गुरुवार,
एका पत्रात कस्टमर शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं.
मला दिसलं होतं.
वाटलं, साहेबांचंही चुकतं कधी.
दोनशे दहा रियाल.
घरी कळवलं, कंपनीनं पगार लांबवलाय.
बायकोनं कंपनीला शिव्या घातल्या,
अजून घालते मधूनमधून,
मी तिला अडवत नाही.

तो लाल रंग नखांच्या कडेला राहतो,
कितीही घासा.

खाली मशीन थांबलं.
कुणीतरी ओरडलं, तांडेल, नंबर तुझा.
बादली उचलली.