चोवीस खुर्च्या

नारीनमध्ये, नदीकाठच्या औषधाच्या दुकानावर
दोन खोल्यांत आमचं कार्यालय.
चोवीस खुर्च्या, एक प्रिंटर, मनात आलं तर पेटणारा हीटर,
आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर निळं स्टिकर:
अमुक देशाच्या जनतेकडून, सस्नेह.
ती जनता आम्ही कधी पाहिली नाही.
तिनंही आम्हाला नाही.

साबिरा वकील. ती तुरुंगात जायची,
मी तिच्या जाण्यायेण्याचं पेट्रोल लिहायचे.
दर तीन महिन्यांनी तक्ता भरायचा:
किती नागरिकांना आपले हक्क कळले?
बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पस्तिशीच्या आतले वेगळे.
एकदा मी विचारलं, कितपत कळले म्हणजे एक धरायचा?
ती म्हणाली, मार खाताना जो वकील मागतो, तो एक.
त्या तिमाहीत मी सात लिहिले.
उत्तर आलं: अपेक्षित होते दोनशे चाळीस.

झूमार्तनं कोळशाच्या ट्रकचा व्हिडिओ काढला होता.
कोळसा शाळेचा,
उतरला साहेबांच्या मेहुण्याच्या अंगणात.
नऊ दिवस पोरगा कुठे आहे, कुणी सांगेना.
दहाव्या दिवशी आमच्या प्रिंटरनं एकोणीस अर्ज छापले,
प्रत्येकाच्या चार प्रती,
काळी शाई संपली तेव्हा शेवटचे जांभळे.
हे मी विसरणार नाही.
तो कागद कुणाच्या पैशाचा होता, तेही.

फेब्रुवारीत दूतावासातून एक बाई आल्या.
चांगल्या होत्या. न सांगता दाराशी बूट काढले.
बात्मा आपांना त्यांनी विचारलं,
या प्रकल्पामुळे आपल्या आयुष्यात काय बदल झाला?
आपा बराच वेळ चहाकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, पोरगा घरी आला.
डाव्या कानानं ऐकू येत नाही त्याला,
म्हणून जेवताना मी आता त्याच्या उजवीकडे बसते.
दुभाष्यानं ते एका वाक्यात सांगितलं.
बाईंनी एका शब्दात लिहिलं.

वसंतात नवा कायदा आला.
ज्यांच्याकडे परक्याचा पैसा, त्यांनी नाव नोंदवावं,
दारावरच्या पाटीवर तसं लिहावं.
खालचा औषधवाला, ज्याच्या मुलीच्या लग्नात
मी रात्रभर कांदा चिरला, जिन्यात म्हणाला,
ऊलकान, खरं सांग, कुणाचं मीठ खातेस?
मी म्हटलं, इथलंच. कोचकोरच्या खाणीतलं.
तो हसला नाही.

त्याच आठवड्यात टीव्हीवर
त्या देशाचे मंत्री आमच्या मंत्र्यांच्या शेजारी,
सोन्याच्या खाणीचा करार,
दोघांच्या हातात एकसारखी पेनं.
मानवी हक्कांवरही चर्चा झाली, असं निवेदक म्हणाला,
हवामानाच्या जरा आधी.

जूनमध्ये चार ओळींची मेल.
प्राधान्यक्रम बदलले आहेत. आपल्या योगदानाबद्दल आभार.
सोबत शेवटचा तक्ता.

आम्ही स्टिकरं खरवडली.
साबिरानं बटाट्याच्या सुरीनं, मी नखांनी.
निळं गेलं, चिकटा राहिला.
त्यावर धूळ बसते, स्वेटरची लोकर, कुणाकुणाचे केस,
आणि पाठीपाठीवर तोच चौकोन पुन्हा उमटतो,
काळा.

साबिरा अजून जाते,
मार्शरुत्काच्या मागच्या सीटवर, अर्ज हातानं लिहीत.
रस्ता खराब आहे, अक्षर त्याहून.
बात्मा आपा तिला कुरुत देतात,
वाळल्या दह्याचे गोळे, दगडासारखे.
मी वही लिहिते. पाठवायची कुणाला नाही.
कुरुत, दीड किलो, जमा.
देणाऱ्याच्या रकान्यात पूर्ण नाव.

काल झूमार्त आला. बसला, चहा घेतला, उठला,
पाठीमागे हात नेऊन म्हणाला, काहीतरी लागलं शर्टाला.
मी उजव्या बाजूला गेले
आणि सांगितलं,
राहू दे. ते निघत नाही.