शब्द ठरेपर्यंत

नव्या खेळाची संहिता मराठीत करून द्या, म्हणाले वरळीच्या तारांगणातले.
सातव्या पानावर मी अडले.
एका कोशात लाल बटू,
दुसऱ्यात खुजा तारा,
तिसऱ्यात नुसताच तांबडा ठेंगू,
जत्रेत नाचवायला आणल्यासारखा.

प्रोजेक्टरच्या खोलीत हरेश्वर तांडेल बसतात,
स्टुलावर स्टूल रचून,
एकतीस वर्षं.
त्यांच्यासमोर हे पान मोठ्यानं वाचायचा
धीर होईना.

चौथ्या दिवशी चहा ओतता ओतता त्यांनीच विचारलं,
"बाई, सातव्या पानात काय पुरलंय?"
सांगितलं.
हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
"आधी तो करतो काय ते सांगा.
नाव मागनं बघू."

मग रिकाम्या खुर्च्यांसमोर मी सांगत गेले.
सूर्याच्या दहाव्या हिश्शाएवढा असेल.
नुसत्या डोळ्यांना दिसत नाही,
इथूनच नव्हे, लडाखातूनही नाही.
पाच पोरी, अगदी अंगाला लागून फिरणाऱ्या.
सगळ्यात जवळचीचं वर्ष दीड दिवसाचं.
"म्हणजे सोमवारी सकाळी शिमगा
नि मंगळवारी रात्री पुन्हा शिमगा.
कोळीवाड्यात चालेल."

कधी कधी भडकतो.
भडकला की पोरींची हवाच उडवून नेतो.
"दारू?"
नाही हो. चुंबकीय.

आणि प्रत्येकीची एकच बाजू त्याच्याकडे,
जन्मभर.
पाठ काळोखात, गोठलेली.
मधे संध्याकाळचा एक अरुंद पट्टा,
कुणी राहत असलंच तर तिथे.

तांडेल कपाची कड पुसत राहिले.
"आमची आई," म्हणाले,
"शेवटची चार वर्षं भिंतीकडे तोंड.
जाळं, भाव, कुणाचं लग्न,
सगळं आम्ही तिच्या पाठीला सांगायचो."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न धरून ठेवला होता.

"जळण किती पुरतं?"
तो तळापासून ढवळत राहतो, मी म्हटलं.
सूर्य मधलं तेवढं खाईल, बाकीचं टाकेल.
हा टोपाच्या कडाही खरवडून घेतो.
लाखो कोटी वर्षं.
विश्व सुरू झाल्यापासून असा एकही
अजून म्हातारा होऊन विझलेला नाही.
"एकही?"
एकही नाही.

ते उतरले. आधी वरचं स्टूल, मग खालचं,
मधे थांबून, पायानं जमीन चाचपत.
"खुजा लिहा," म्हणाले. "त्यात काय.
फक्त वाचताना आवाज खाली आणू नका."
मी लिहिलं. पेन्सिलीनं.

मग त्यांनी घुमटावरची मुंबई विझवली,
क्षितिजावरचा सी-लिंक, हाजी अलीचा मिनार,
आणि कुठलंसं बटण
बराच वेळ, नखानं,
इकडे तिकडे करत राहिले.

"लावलाय. दिसतोय?"
मी मान मागे टाकून शोधलं. खूप शोधलं.
नाही.
"मग बरोबर लागलाय."