ळ नसलेले दिवस

श्री भैरव छापखाना, कसबा पेठ.
प्रत्येक कामाची एक प्रत वडील बाडाला टाचून ठेवत,
गिऱ्हाईक भांडायला आलं तर दाखवायला.
तेवढ्यासाठीच. इतिहास वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हता.

आता रद्दीवाला दारात, काटा जमिनीवर टेकवून,
म्हणतो, पिना काढून द्या ताई, वजनात धरत नाही.
म्हणून पिना काढत बसले आहे,
आणि प्रत्येक पिनेखाली गंजाचा तपकिरी ठिपका:

सायकल तासाला दोन आणे, दिवा असल्यास अडीच.
गरुडछाप दंतमंजन, हलणारे दात जागेवर.
वरातीसाठी बँड, फेट्यांसह पंधरा माणसे.
खानावळ, महिना अठरा रुपये,
रविवारी संध्याकाळी बंद, पाहुण्याचे वेगळे.

मग एकसष्टचा जुलै. बुधवार.
पाणी ट्रेडलच्या चाकावरून गेलं,
खिळ्यांची घोडी उलथली.
पुढे आठवडाभर गाळातून, पिठाच्या चाळणीने
अक्षरं वेचली आम्ही, जुळारी यमाजी शिंगाडे आणि मी.
मी नऊ वर्षांची.
क सापडला, त सापडला, अनुस्वार तर मूठमूठभर.
ळचा खण नुसता रिकामा.
मुंबईहून नवे खिळे यायला सव्वादोन महिने.
वडील म्हणाले, ल लावा. पुणेकर समजून घेतील.

पुणेकरांनी समजून घेतलं नाही.
'घरातील गाल काढून मिलेल' वाचून
लोक आपापला गाल धरून हसले,
त्या महिन्यात पहिल्यांदाच.
'विहीर उपसून मिलेल.' 'शाला सोमवारी भरेल.'
'पुरातली घड्याले अर्ध्या दरात दुरुस्त.'
आणि तळाशी आमचंच: मुद्रक, अं. वि. मोहोलकर.
ओळ छापायला घेतली की ओल व्हायची.
तशी ती होतीच,
भिंतींना, गाद्यांना, कागदाच्या रिमांना.

हा एक गुलाबी, पतंगी कागद.
'हरवली आहे. वय सहा. अंगात हिरवा परकर.
उजव्या कानामागे चामखील.
पाहिल्यास कलवावे.'
नाव: कमला.

तिची आई त्याच दुपारी गठ्ठा घेऊन परत आली.
तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवलं होतं.
म्हणाली, कमला न्हाई, कमळा.
कमला म्हणून हाक मारली तर ती ओ द्यायची न्हाई.

वडिलांनी दौत घेतली.
दोनशे कागद, दोनशे ळ, निळ्या शाईत.
'चामखील' तसंच राहू दिलं, 'कलवावे' तसंच,
फक्त नावात.
मी टिपकागद दाबत होते.
बाडातल्या प्रतीतही त्यांनी तो घातला आहे,
जी कुणी वाचणार नव्हतं.

यापुढचा नमुना दसऱ्याच्या लुगड्यांचा सेल.
ळ परत आलेला, कोरा, बाकीच्यांहून जरा जाड:
'आजच या, वेळ दवडू नका.'
कमळाचं पुढे काय झालं ते बाडात नाही.
हिशेबाच्या वहीत आहे: प्रती दोनशे, येणे,
आणि रकमेच्या जागी आडवी रेघ.

झालं का ताई, रद्दीवाला विचारतो.
मी नाव हळूच उच्चारून बघते.
ळ म्हणायला जीभ मागे वळवावी लागते,
पार टाळूपर्यंत.
थांब, म्हटलं. अजून पिना आहेत.