खोक्यावरचा पत्ता

शलाकाचा मेसेज आला रात्री पावणेदोनला,
म्हणजे तिकडे सव्वादहा.
"बाबा, खोके उद्या सकाळी न्यायला येतायत.
पत्ता काय टाकू?"

उठून चष्मा शोधला.
फ्रिजवर होता.
या घरात चष्म्याची जागा अजून ठरलेली नाही.

ती गेली तेव्हा आम्ही कन्नमवार नगरात होतो,
तळमजला, दाराला हिरवा ऑइलपेंट,
खिडकीत तिने लावलेला गवती चहा.
आता तिथे निळे पत्रे.
पत्र्यावर रंगवलेली इमारत, बावीस मजले,
तिच्या बाल्कनीत एक गोरी बाई
कॉफीचा मग धरून
बरोबर आमच्या मोरीच्या जागेकडे बघत उभी.
शलाकाला सगळं माहीत आहे. फोटो पाठवले होते.
पण फोटो बघणं वेगळं,
मार्कर घेऊन खोक्यावर लिहिणं वेगळं.

महिनाभर तिची आवराआवर फोनवर ऐकतोय.
सायकल गेली एका कोरियन मुलाकडे, चाळीस युरोत
(तिची आई अजून प्रत्येक आकड्याला शंभराने गुणते).
कुकर दिला खालच्या मजल्यावरच्या घानाच्या मुलीला.
ती शिट्टीला घाबरायची म्हणे,
दोनदा समोर बसवून वरणभात करून दाखवला.
पुस्तकं किती ते सांगितलं नाही,
किलो सांगितले.

इकडे आमचीही आवराआवर.
टागोर नगरची ही दीड खोली,
भाडं बिल्डर देतो, म्हणजे आठवलं की देतो.
टेपने मोजलं: कपाट सरकवलं
तर भिंतीपर्यंत सहा फूट दोन इंच.
ती पाच-पाच. उशीसकट मावेल.
कपाटामागे निघाल्या पेन्सिलीच्या पाच रेघा,
कुण्या भाडेकरूच्या पोराची उंची.
रंगारी म्हणाला, काका, हे पुसू ना?
मी म्हटलं, आधी दुसरी भिंत कर.

समोरचे मांजरेकर विचारतात,
"परत? का, तिकडे लागलं नाही काही?"
पहिल्यांदा मी म्हणालो, नाही हो, तिलाच यायचंय.
त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.
तेव्हापासून नुसतं "बघू" म्हणतो.
खरं तर मलाही नक्की ठाऊक नाही.
चौतीस वर्षं जलखात्यात चाव्या फिरवल्या,
पाणी का नाही आलं, हे विचारायला लोक घरापर्यंत यायचे.
का आलं, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

ती तिकडे पाण्याचंच शिकली.
एकदा फोनवर सांगत होती, गळती शोधायची यंत्रं,
कसले कसले आलेख.
मी म्हटलं, अगं, रात्री तीनला सगळं शांत असताना
सळईचं एक टोक पाइपाला लाव, एक कानाला.
ती गप्प.
मला वाटलं चुकलंच माझं काहीतरी.
मग म्हणाली, थांबा, वही घेते.

तर पत्ता.
जुना टाकावा तर खोके वॉचमनच्या केबिनमध्ये पावसात.
नवा अजून हवेत आहे, सतराव्या मजल्याच्या उंचीवर.
आणि हा, घरमालकाचा, अकरा महिन्यांपुरता.
टाइप केलं. खोडलं.
बायको कुशीवर वळून म्हणाली,
काय झालं, पैसे हवेत का तिला?

शेवटी लिहिलं:
"केअर ऑफ दत्ताराम घोसाळकर.
माझा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात, दोन बाजूंना.
खाली टागोर नगर, बिल्डिंग सत्तेचाळीस, बारीक चालेल.
टेम्पोवाल्याला इथे सापडत नाही,
मी नाक्यावर उभा राहीन."

पाठवलं. दिवा मालवला.
मग आठवलं, मुख्य ते राहिलंच.
अंधारातच टाइप केलं:
"इथे पाणी पहाटे सव्वापाचला येतं. पाऊण तास."

तिने अंगठा पाठवला.
मी डोळे मिटले असतील नसतील,
फोन पुन्हा थरथरला,
"आणि दाब कसा आहे?"